गांडुळापुढे वाजवला पियानो

गाढवापुढे वाचली गीता, अशी आपल्याकडे म्हण आहे. चार्ल्स डार्विनने तर गांडुळांपुढे पियानो वाजवून पाहिला. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात त्याचं घर होतं आणि घरात गांडुळांनी भरलेल्या कुंड्या होत्या. त्यांच्यासमोर धातूची शिट्टी वाजली, मुलाने बासून नावाचं लांबलचक फुंकवाद्य घुमवलं; गांडुळं ढिम्म. मग कुंड्या थेट पियानोवर ठेवल्या आणि खर्जातली पट्टी दाबली. त्यासरशी गांडुळं बिळात गडप! त्यांना कान नाहीत, पण मातीतून येणारी थरथर अंगाला कळते, हे डार्विनने असं पडताळून पाहिलं आणि १८८१ साली गांडुळांवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं. ते त्याचं शेवटचं पुस्तक.

याच माणसाने १८४२ साली, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, प्रवाळांच्या रांगांवर पुस्तक लिहिलं होतं. उमेदीत प्रवाळ, उतारवयात गांडूळ. जालन्यात बसून ही दोन टोकं जोडून बघायला मला फार आवडतं. इथून समुद्र सरळ रेषेतही तीनशे किलोमीटरहून लांब. कुंडलिका, दुधना, पूर्णा यांचं पाणी गोदावरीत जातं आणि गोदावरी ते बंगालच्या उपसागरात नेऊन सोडते. म्हणजे मालवणच्या समुद्राशी आपली पाण्याचीही ओळख नाही. तरीही प्रवाळाच्या खडकात रात्रंदिवस जे चालतं, तेच अंबड-घनसावंगीच्या कपाशीच्या रानात चालतं. मेलेलं कुजवायचं आणि त्यातूनच जिवंताचा स्वयंपाक करायचा. कुजण्याला आपण नाकं मुरडतो, पण जगातल्या सगळ्या चुली त्या कामावर पेटतात.

निळंशार पाणी म्हणजे उपाशी पाणी

उष्ण प्रदेशातला समुद्र काचेसारखा नितळ दिसतो, कारण त्या पाण्यात खाण्याजोगं जवळजवळ काहीच नसतं. नत्र नाही, स्फुरद नाही, तरंगतं शेवाळ नाही. अशा रिकाम्या पाण्यात प्रवाळाच्या खडकावर मात्र माशांची, खेकड्यांची, शिंपल्यांची जत्रा भरलेली. हे कसं? शास्त्रज्ञ याला ‘डार्विनचं कोडं’ म्हणतात.

कोड्याचं उत्तर आपल्या आजीला विचारलं असतं तरी मिळालं असतं: काही वाया जाऊ द्यायचं नाही. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं. शेवाळ उन्हात साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतं. घरमालकाच्या शरीरातून बाहेर पडणारं नत्र-स्फुरद भाडेकरू तिथल्या तिथे उचलतो. उंबऱ्याबाहेर फारसं काही जात नाही.

महाराष्ट्राचं प्रवाळ बघायचं तर मालवणला जावं. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात ‘आंग्रिया बँक’ नावाचं पाण्याखालचं पठारही आहे, प्रवाळाने भरलेलं. नाव अर्थातच कान्होजी आंग्र्यांचं.

शेंबडाचं बिल: चौरस मीटरला पावणेपाच लिटर

प्रवाळ अंगातून चिकट स्राव सोडतं. किती? ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटावर शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं, २००४ साली ते प्रसिद्ध झालं: खडकाच्या एका चौरस मीटरमागे दिवसाला ४.८ लिटरपर्यंत! निम्म्याहून जास्त स्राव पाण्यात विरघळतो. उरलेल्याचे चिकट धागे होतात आणि पाण्यात तरंगणारे कण गोळा करत ते तळाच्या वाळूवर बसतात. वाळूतले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि त्यातलं नत्र-स्फुरद पुन्हा पंगतीत वाढतात.

विरघळलेल्या भागाची गोष्ट तर आणखी सुरस. पाण्यात साखर विरघळली की ती माशाच्या तोंडी लागत नाही, म्हणजे गेलीच म्हणायची. इथे खडकाच्या कपारीतला स्पंज कामाला येतो. तो पाणी गाळतो, विरघळलेलं अन्न शोषतो आणि अंगातल्या जुन्या पेशी भराभर झाडून टाकतो. त्या पेशींचा कोंडा खेकडे आणि किडे खातात, त्यांना मासे खातात. कॅरिबियन समुद्रातल्या कुरसाव बेटाजवळच्या एका स्पंजाच्या पेशी सहा तासांच्या आत दुप्पट होतात, तरी स्पंज वाढत नाही, कारण वाढलेलं सगळं तो वाटून टाकतो. कोड्यातला हा दुवा २०१३ साली उलगडला. डार्विनच्या पुस्तकाला तेव्हा १७१ वर्षं झाली होती.

काळी आहे, पण भरलेली नाही

आता आपल्या रानात येऊ. जालन्याची माती काळी म्हणून तिच्यात सेंद्रिय कर्ब भरपूर असणार, असं कुणालाही वाटेल. माती परीक्षणाचा कागद हातात आला की कळतं: कर्ब बऱ्याचदा अर्धा टक्काही भरत नाही. काळा रंग आला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झालेल्या खडकाच्या खनिजांमुळे आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा ह्यूमसमुळे. थोडं कुंकू पाणी लाल करतं, तसं. नितळ समुद्रासारखीच ही जमीनही दिसते एक आणि असते एक. तरी तिच्यातून कापूस निघतो, तूर निघते, भौगोलिक मानांकन मिळवलेली मोसंबी निघते. इथेही गुपित तेच, आत चाललेली फिरवाफिरवी.

या जमिनीची आणखी एक करामत. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात. हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा. वाऱ्याने उडालेला पाला, शेळ्यांच्या लेंड्या, वरची भुसभुशीत माती, सगळं त्या भेगांमध्ये पडतं. पहिल्या दमदार पावसात चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पडलेलं सगळं पोटात जातं. जमीन स्वतःच स्वतःची नांगरट करते! शास्त्रज्ञांनी अशा जमिनींना दिलेलं ‘व्हर्टिसॉल’ हे नावसुद्धा ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं.

आणि प्रवाळाशी खरं रक्ताचं नातं म्हणाल तर ते चुनखडीचं. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या रानात नांगराला लागणारे पांढरे चुनखडीचे खडे म्हणजे तेही कॅल्शियम कार्बोनेटच. खोड तीच: स्फुरद दिसला की पकडून ठेवायचा. प्रवाळाची वाळू स्फुरद धरून बसते, आपली चुनखडीची जमीनही टाकलेल्या डीएपीतला बराच स्फुरद अडवून ठेवते. तो सोडवायला लागतात आम्लं, आणि ती आम्लं फुकटात करून देतात कुजवणारे जिवाणू. कृषी केंद्रात पीएसबी म्हणून जी बाटली किंवा पाकीट मिळतं, त्यात हीच मंडळी असतात.

वजनकाट्यावर गांडूळ आणि समुद्रकाकडी

डार्विनचा हिशेब असा: इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त कोरडी माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते. आपलं गांडूळ वर्षभर काम करत नाही. उन्हाळ्यात ते खोल ओलीत जातं, अंगाची गाठ मारून पडून राहतं आणि पाऊस मुरला की वर येतं.

समुद्रात हेच काम समुद्रकाकडी करते. नाव काकडीचं, पण आहे प्राणी. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यावरचं कुजकं खायचं आणि धुतल्यासारखी वाळू मागे सोडायची, एवढाच तिचा दिनक्रम. हेरॉनच्या प्रवाळावर ड्रोनने समुद्रकाकड्या मोजल्या तेव्हा निघालेला आकडा: वर्षाला ६४,००० टनांहून जास्त वाळूची उलथापालथ. एका प्रवाळरांगेवर, एवढ्याशा जनावराकडून!

पोपटमासा मात्र शेवाळासाठी खडकालाच चावे घेतो. प्रवाळाचा चुरा त्याच्या पोटातून पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू टाकतो. पर्यटक ज्या पांढऱ्या किनाऱ्यावर अनवाणी फिरून खूश होतात, त्यातली बरीचशी अशी तयार झालेली असते.

मेंढ्या बसवा किंवा पक्षी बसवा

धनगरांचा कळप रानात बसवायची पद्धत आपल्याकडे जुनी. मेंढ्या दिवसभर गायरानात, माळावर, बांधावर चरतात आणि रात्री ज्याच्या वावरात वाघूर लावली त्याच्या वावरात लेंड्या आणि मूत टाकतात. दूरच्या माळावरचं नत्र रात्रीतून स्वतःच्या पायांनी चालत शेतात येतं. उकिरड्यात जे कुजायला महिने लागले असते, ते मेंढीच्या पोटात एक-दोन दिवसांत होऊन जातं.

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर हीच पद्धत पक्षी चालवतात. दिवसभर खोल समुद्रात मासे खायचे, रात्री बेटावर येऊन विष्ठा टाकायची. पावसाने ती धुऊन भोवतीच्या प्रवाळात जाते. काही बेटांवर जहाजांबरोबर उंदीर आले, त्यांनी पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त केली. शास्त्रज्ञांनी दोन्ही प्रकारच्या बेटांची तुलना केली आणि २०१८ साली आकडे मांडले: उंदीर नसलेल्या बेटांवर पक्ष्यांकडून येणारं नत्र २५१ पट! आणि तिथल्या प्रवाळावर माशांचं एकूण वजन जवळपास निम्म्याने जास्त. बेटावर उंदीर आले आणि पाण्यातले मासे घटले.

पऱ्हाटीचं काय करायचं?

जालना जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्चला हा प्रश्न बांधाबांधावर असतो. कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उभ्या आहेत. काही चुलीला जातात, काही बांधावर पेटतात. पेटवलं की राखेत पालाश आणि चुना उरतो, नत्र मात्र बहुतेक सगळं धुरातून जातं. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण पऱ्हाटीत बोंडअळी दबा धरून बसते, रान मोकळं करायची घाई असते आणि मजूर मिळत नाहीत.

पऱ्हाटी तशीच मातीत गाडली तर? पुढचं पीक पिवळं पडतं. यामागे चक्क स्वयंपाकघरातलं प्रमाण आहे. जिवाणूच्या शरीरात साधारण ८ भाग कर्बाला १ भाग नत्र असतं. कर्बाचा मोठा हिस्सा ते श्वासात उडवतात, त्यामुळे त्यांना पुरेल अशी थाळी २४ ला १ ची. शेण त्याच्या आसपास बसतं. गव्हाच्या काडात मात्र ८० ला १, आणि पऱ्हाटी त्याच पंगतीतली, वर लाकडासारखी टणक. ताटात नुसती भाकरी वाढली की जिवाणू कालवण शोधायला मातीकडे वळतात आणि पिकाच्या वाट्याचं नत्र उचलतात. म्हणून पऱ्हाटीला शेणाचा काला, गोमूत्र किंवा थोडा युरिया लावायचा.

याचं उत्तर शंभरेक वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदुरात तयार झालं होतं. १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ तिथे कापसावर काम करत होते. पऱ्हाटी आणि तुराटी कुजत नाही, म्हणून त्यांनी ती शेतरस्त्यावर पसरली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली ती चेचली जायची. मग गोठ्यात बैलांखाली अंथरायची, मुताने भिजली की शेण, माती, राख घालून ढीग लावायचा, अधूनमधून उलथायचा. तीनेक महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार. १९३१ साली या पद्धतीवर पुस्तक आलं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. पुढे सेंद्रिय शेतीची चळवळ हॉवर्डना आपला आद्य गुरू मानू लागली. त्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या नावाशेजारी दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. जगभरच्या कंपोस्टच्या मुळाशी पऱ्हाटी आहे आणि पुस्तकावर एक मराठी नाव आहे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

विटांच्या भोकाभोकांच्या टाकीत खत करण्याची ‘नाडेप’ पद्धतही आपलीच, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे यांची. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ओळखली जाते.

बरा लागलेला ढीग आतून ६० अंशांपर्यंत तापतो. बाहेरून काडी घालून काही वेळाने ओढली तर हाताला चटका बसतो. तणांचं बी आणि बऱ्याच किडी त्या तापात मरतात. ही ऊब सगळी डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या श्वासाची.

उधई शेती करते, शेणकिडा तारे बघतो

पऱ्हाटी पोखरणाऱ्या उधईचा आपल्याला राग येतो. पण वारूळ करणारी उधई स्वतः लाकूड पचवू शकत नाही म्हणून आत बुरशीची बाग लावते. चघळलेल्या काड्यांवर बुरशी वाढवते आणि ती खाते. पावसाळ्यात वारुळावर छत्र्या काढतात त्या याच बागेतल्या. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची, उधईची काही कोटी वर्षांची.

शेणकिड्याचा मान त्याहून मोठा. २०१३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीवर प्रयोग झाला. किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याची इवलीशी टोपी घातली की ते शेणाचा गोळा सरळ नेऊ शकत नव्हते; तारांगणात नुसता आकाशगंगेचा पट्टा दाखवला तरी सरळ जात होते. आणि ऑस्ट्रेलियाला तर शेणकिडे आयात करावे लागले. तिथे गाई बाहेरून आल्या, तिथल्या किड्यांना कांगारूच्या लेंड्यांची सवय, गाईचं शेण तसंच वाळून पडायचं आणि त्यावर माश्या माजायच्या. १९६० च्या दशकात परदेशातून किडे आणून सोडले, तेव्हा शेण मातीत जायला लागलं.

मुळावरची गुलाबी गाठ

बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र तुरीसाठी नावाजलेलं. बीडीएन ७११ हा वाण तिथलाच. तुरीचं किंवा सोयाबीनचं झाड फुलावर असताना अलगद उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर आत रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र पकडत आहेत. लाली कशाची? आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाची. युरियाच्या कारखान्यात हेच नत्र पकडायला ४०० अंशांवर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. गाठीतला जिवाणू ते आषाढाच्या झडीत करतो. प्रवाळाच्या खडकावर हे काम निळ्या-हिरव्या शेवाळासारखे जिवाणू करतात. काही तर प्रवाळाच्या पेशींतच राहतात.

मोसंबीला आंबे बहारासाठी ताण दिला की पानं पिवळी होऊन गळतात. पान पिवळं का होतं? गळण्याआधी झाड त्यातलं नत्र काढून फांदीत परत नेतं. खाली पडतं ते रिकामं पाकीट. प्रवाळाच्या काटकसरीला जालन्याच्या बागेतलं हे उत्तर.

जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांचा बाजार भरतो, त्यामागेही एक खतकारखाना आहे. रेशीमअळी २५ दिवसांच्या आसपास तुतीचा पाला खात राहते आणि ढीगभर विष्ठा टाकते. ती आणि उरलेला पाला परत तुतीच्या मुळाशी गेला की पुढच्या बॅचचा पाला तयार.

मृगाचा झटका

कोरड्या मातीत कुजणं थांबतं. जिवाणू मरतात किंवा झोपतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि शेतकऱ्यांनी रडत कुऱ्हाड घातली, तेव्हा मातीच्या आतलं हे काम बागांच्याही आधी बंद पडलेलं असणार.

पण पहिला पाऊस पडला की उन्हाळाभर मेलेल्या जिवाणूंवर जागे झालेले जिवाणू तुटून पडतात. काही तासांत मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो आणि नत्र मोकळं होतं. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ साली हे लिहिलं, म्हणून याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. मृगात वेळेवर पेरलेलं तरारून का येतं, याचं एक कारण हे मोफत नत्र. पावसाबरोबर येणारा मातीचा वास ‘जिओस्मिन’ या पदार्थाचा, तोही मुख्यतः कुजवणाऱ्या जिवाणूंनी बनवलेला. पाण्यात तो एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो.

बनियनची परीक्षा

२०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये एक हजार लोकांनी प्रत्येकी दोन नव्या कोऱ्या सुती चड्ड्या शेतात आणि बागेत पुरल्या. महिन्याने एक उकरली, दुसरी दोन महिन्यांनी. कापूस म्हणजे जिवाणूंसाठी कर्बाने भरलेलं खाणं. माती जिवंत असेल तर तो खाल्ला जातो आणि हाती येतो फक्त इलास्टिकचा पट्टा. माती दमलेली असेल तर चड्डी धुऊन घालता येईल.

हा प्रयोग कपाशीच्या जिल्ह्यात व्हायला हवा. एक पांढरं सुती बनियन घ्या, कृत्रिम धागा नसलेलं. मृगाच्या पावसानंतर वावरात वीतभर खोल आडवं पुरा, बांधाला खूण म्हणून काठी रोवा. दुसरं बनियन उकिरड्याचं खत पडलेल्या परसात पुरा. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांची खांदेमळणी झाली की पोरांना घेऊन दोन्ही उकरा आणि शेजारी शेजारी दोरीवर वाळत घाला.